चादरीआडची आई

फार पूर्वी वेत्रवती नगरीत अजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या मृगोद्यानाची राखण करणाऱ्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. हत्तीच्या तळव्यात काटा रुतला, तर तो त्याच्या उभे राहण्यावरून ओळखी. हरणांना कोणता पाला आवडतो यापेक्षा कोणता मानवतो, हे तो आधी पाही. त्याची बायको उत्तरा. त्यांना मूलबाळ नव्हते. उद्यानातले पोरके पाडस, आजारी पिल्लू तिच्या पदरात येई आणि तिथेच मोठे होई.

त्या काळी नगराबाहेरच्या पाणथळीतले सारस संपले होते. लोकांनी अंडी उचलली, पाणी वळवून शेते केली, आणि एका वर्षी त्यांची तुतारीसारखी हाक ऐकूच आली नाही. उद्यानात एक जोडी होती. मादीने अंडे घातले, पण ती उबवायला बसेना. भद्रकाने ते हंसीखाली ठेवले. अंडे फुटले तेव्हा उत्तरेने पिल्लू ओंजळीत घेतले.

तिने त्याला हाताने भरवले. "ये रे राजा" म्हटले की ते लांब ढांगा टाकत येई आणि तिच्या खांद्यावर मान ठेवी. मोठे झाल्यावर त्याला पाणथळीत सोडले. एके दुपारी बांधावर एक शेतराख्या शिदोरी सोडून बसला होता. ते त्याच्याकडेही तसेच गेले. पुरुषभर उंचीचा पक्षी अंगावर येतो असे वाटून त्या गरिबाने गोफण फिरवली. पहिला दगड लागला तरी ते पळाले नाही, उलट जवळच आले आणि दुसऱ्या दगडाने मेले, असे तो पुढे रडत सांगत होता.

उत्तरेने जेवण टाकले. भद्रक दूरच्या एका तळ्यावर गेला. तिथे थोडे सारस उरले होते. लव्हाळ्यात बसून तो पाहत राहिला: आईबाप पिलांना किडा कसा दाखवतात, कोणता कंद उकरतात, माणूस दिसला की कसे ओरडतात. परत आला तेव्हा तो तसे ओरडायला शिकला होता. त्याने वेताची मान केली, तिला लाकडी चोच बसवली आणि एक चादर राखाडी रंगवली.

पुढच्या विणीत दोन पिल्ले निघाली. भद्रक म्हणाला, "उत्तरे, आता यांच्यासमोर बोलायचे नाही आणि तोंड दाखवायचे नाही."

"वाढवायचे मी, आणि तोंड लपवायचे चोरासारखे?" ती म्हणाली. "मग आई कशाला म्हणायचे?"

भद्रकाने चादर पुढे केली. तिने रागाने चादर ओढून घेतली. पण घेतली. त्या दिवसापासून ती चादरीखाली वाकून चालू लागली. पिल्ले धडपडली की तिचे ओठ हलत, आवाज मात्र ती गिळून टाकी. चादरीवाचून कोणी आले की भद्रक कुंपणाआडून धोक्याची हाक देई आणि पिल्ले गवतात दडत.

पावसाळा सरला. राजाकडे पाहुणे राजे येणार होते. त्यांच्यादेखत सारसांनी आपल्या हातचे दाणे खावेत, असे राजाच्या मनात आले. तो स्वतः उद्यानात आला.

भद्रक हात जोडून म्हणाला, "महाराज, माणसाच्या हातचे खाणारा एक सारस माणसाच्या हातूनच गेला."

"माझ्या हाताने पाखरू मरत नाही."

"खरे आहे. पण पाखराला हात ओळखता येत नाहीत, महाराज. एक हात चांगला निघाला की त्याला सगळेच चांगले वाटतात."

राजाला ते झोंबले. त्याने भद्रकाला कामावरून दूर केले आणि उत्तरेला बोलावले. तिच्या हाकेला पहिला सारस येई हे त्याच्या कानी होते. तो म्हणाला, "बाई, उद्यान तुझे. चादर टाक, या दोघांना जवळ घे, माणसाळव. हे जन्मभर इथेच राहतील, तुझ्याजवळ."

उत्तरेचे काळीज हलले. रात्रंदिवस तिला दुसरे काही नको होते. जाळीपलीकडे पिल्ले चिखलात चोच खुपसत होती. एक हाक पुरली असती.

ती हळूच म्हणाली, "महाराज, पहिल्याला मी हाक मारायला शिकवले. तो दगड मीच उचलून दिला म्हणायचा. आता माझ्याने होणार नाही. मलाही माझ्या नवऱ्याबरोबर कामावरून घालवा."

राजा जाळीपलीकडच्या पिल्लांकडे पाहू लागला. मग राजाने मुकुट उतरवून सेवकाजवळ दिला आणि चादर मागितली.

तो चादर पांघरून आत बसला. पिल्ले आली. त्यांनी लाकडी चोचीतला किडा घेतला आणि झुडपाकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहून पुढे गेली. राज्यावर बसल्यापासून त्याच्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. बाहेर आल्यावर त्याने भद्रकाला पुन्हा उद्यान दिले, पाणथळीचे वळवलेले पाणी मोकळे केले आणि शेतकऱ्यांना बदली जमीन दिली.

थंडीत सारसांना सोडले. पुढे एकदा उत्तरेला राहवेना. ती एकटीच, उघड्या तोंडाने, पाणथळीच्या काठाने त्यांच्याकडे निघाली. दोघांनी माना ताठ केल्या, धोक्याची हाक दिली आणि पाण्यावरून लांब, खूप लांब उडून गेले.

ती घरी आली तेव्हा डोळे भरले होते. भद्रकाने विचारले, "काय झाले?"

"मला भ्यायले," ती म्हणाली. आणि डोळे पुसून, "दोघे जगतील हो."

जेतवनात एक वृद्ध भिक्षू आपले दोन शिष्य दूर अरण्यात गेले आणि फिरून भेटीला आले नाहीत म्हणून कष्टी होता. त्याला ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षो, त्या जन्मीचे ते दोन सारस म्हणजे तुझे हे दोन शिष्य होत. राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद होता. उत्तरा राहुलमाता होती, आणि भद्रक मी होतो." परत काही न मागणाऱ्या मायेला मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात.