पुंजाजी घर राखतो

एका गावात एक भोळा घरधनी होता. गाव निफाडच्या अंगाचं. पौष लागला की तिथं माणसं बोलायच्या आधी तोंडातून वाफ सोडतात आणि मग शब्द. घरधन्याचं नाव पुंजाजी. माणूस कष्टाळू आणि सरळ. इतका सरळ, की त्याला वळताच येत नसे. कुणी "जरा तिकडं बघा" म्हटलं, की "पुरे" म्हणेपर्यंत तिकडंच बघत राहायचा.

एका सकाळी बायकोनं, ठकूबाईनं, त्याला समोर बसवलं.

"अहो, उद्या आई येतेय. महिनाभर राहील. तिला दम्याचा त्रास. घर उबदार पाहिजे, आणि अंगणातलं सरपण महिनाभर पुरलं पाहिजे. आईला थंडी बाधली तर तिच्याबरोबर मीही माहेरी जाईन. परत यायची नाही. मनाशी गाठ बांधा."

मन नेमकं कुठं असतं ते पुंजाजीला सापडलं नाही. त्यानं गळ्यातल्या मफलरला गाठ मारली.

"आधी फटी बुजवा," ठकूबाई म्हणाली. "ऊब फटीतून पळते."

पुंजाजीनं दाराच्या फटी बुजवल्या. खिडकीच्या बुजवल्या. मग वर चढून चुलीवरचं धुराडंही चिंध्या कोंबून बुजवलं. ठकूबाईनं चूल पेटवली, आणि घटकाभरात डोळे चोळत, खोकत, रांगत अंगणात आली.

"धुराडं कशाला बुजवलंत?"

"तिथूनच तर पळत होती. मी डोळ्यांनी पाहिली. काळी काळी ऊब."

"अहो देवा! जिथं विस्तव, तिथं भोक हवं. नाहीतर माणूस गुदमरून मरेल. बांधा गाठ!"

पुंजाजीनं दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांच्या आंघोळीसाठी ठकूबाईनं माहेरचा तांब्याचा बंब बाहेर काढला आणि पुंजाजीला तो पेटवायला सांगितला. पुंजाजीनं पेटवला. मग मफलर चाचपला. जिथं विस्तव, तिथं भोक. बंबाला वर एक भोक होतं खरं, पण ते कारागिरानं पाडलेलं. दुसऱ्यानं तयार करून दिलेल्या मालावर किती विसंबायचं? पुंजाजीनं खिळा घेतला, हातोडा घेतला आणि बंबाच्या पोटाला स्वतःचं एक भोक पाडलं. पाणी विस्तवावर गेलं, विस्तव विझला.

सासूबाई न्हाणीत कुडकुडत बसल्या होत्या. "जावईबापू, पाणी आलं का हो?"

"आलं मामी! सगळीकडं आलं!"

ठकूबाईनं कपाळ बडवून घेतलं. "अहो, गरम वस्तू फोडायची नसते, गुंडाळायची असते! गोधडीत गुंडाळली की ऊब टिकते, सरपण वाचतं. एवढंसुद्धा कळत नाही? बांधा गाठ!"

तिसरी गाठ. मफलर आता गळ्याभोवती एकदाच पुरत होता.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या अंथरुणाशी शेगडी ठेवली होती. शेगडी चांगली तापलेली. गरम वस्तू गुंडाळायची, हे पुंजाजीला पक्कं आठवलं. त्यानं सासूबाईंच्या अंगावरची गोधडी ओढली.

"जावईबापू, माझी गोधडी!"

"शेगडीची ऊब पळतेय, मामी. तुमची काय पळणार?"

त्यानं शेगडी गुंडाळली. गोधडीनं पेट घेतला. पाच मिनिटं सासूबाईंना फार बरं वाटलं. मग गोधडी संपली.

ठकूबाईचा आवाज आता बसला होता. "अहो, विस्तव गोधडीनं नाही, राखेनं झाकतात. राखेखाली निखारा दिवसभर जिवंत राहतो. विझतोय असं वाटलं तर चिमट्यानं हलवायचा आणि फुंकणीनं फुंकायचा. राखते म्हणून तर तिला राख म्हणतात!"

हे पुंजाजीला फार आवडलं. राखते ती राख. त्यानं या एकाच धड्याला दोन गाठी मारल्या.

चौथ्या दिवशी सासूबाईंना हुडहुडी भरली. ठकूबाई काढा आणायला वैद्यांकडे निघाली. "मी येईस्तोवर आईच्या अंगातली ऊब जाऊ देऊ नका," एवढंच ती म्हणाली.

पुंजाजीनं सासूबाईंच्या पायाला हात लावला. पाय गार. विझतायत की काय! तो धावला. चुलीतली, शेगडीतली, उकिरड्यावरची, सगळी राख पाट्या भरभरून आणली आणि सासूबाईंना गळ्यापर्यंत पुरलं.

"जावईबापू! अहो, हे काय?"

"राख, मामी. हलू नका, ऊब पळेल."

सासूबाई थक्क होऊन गप्प झाल्या. गप्प झाल्या म्हणजे विझल्या. पुंजाजीनं त्यांना चिमट्यानं हलवलं आणि फुंकणी कानाला लावून जोरात फुंकलं.

काढा घेऊन ठकूबाई परतली तेव्हा सासूबाईंची किंकाळी वेशीपर्यंत ऐकू येत होती.

"बघ ठके, जिवंत आहेत!" पुंजाजी हरखून म्हणाला. "फुंकलं की कशा तडतडतात!"

सासूबाई उठल्या. अंगही न झटकता त्यांनी बोचकं उचललं. ठकूबाईनंही लुगडी बांधली आणि उंबऱ्यावर वळून म्हणाली, "चालले मी. माणसं राखणं तुम्हाला जमायचं नाही. निदान घर तरी राखा!"

पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोची शेवटची इच्छा. घर राखायचं. राखते ती राख. पण राख होती तेवढी सासूबाईंच्या अंगावरून गेली. एवढ्या घराला लागणारी राख आणायची कुठून?

विचार करता करता त्याला आठवलं, राख विस्तवातून निघते. आणि जिथं विस्तव, तिथं भोक हवं. एवढं शिकल्यावर आता चूक व्हायची नाही. त्यानं आधी उसाच्या पाचटाच्या छपराला छानसं भोक पाडलं. मग काडी ओढली.

मायलेकी वेशीशी पोचल्या होत्या. लोक घागरी घेऊन पळताना दिसले, तशा त्याही माघारी पळाल्या. छप्पर ढणाढणा पेटलं होतं. अंगणात पुंजाजी समाधानानं उभा होता. अंगणातल्या सरपणाच्या ढिगातली एक ढलपीसुद्धा हलली नव्हती.

सासूबाईंनी दोन्ही हात आगीपुढं धरले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची मान डोलली.

"हं. आता कुठं जरा बरं वाटतंय."

"ऐकलंस ठके?" पुंजाजी फुलून गेला. "मामींना ऊब मिळाली. सरपणही सगळं वाचलं. आता तरी राहशील ना?"

ठकूबाईनं आगीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"कुठं?"