सोनाक्काचा पडदा

कधीची गोष्ट म्हणाल, तर फार फार वर्षांपूर्वीची. साल विचारू नका. मला सांगणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि त्याला सांगणाऱ्यालाही नव्हतं. एवढं मात्र पक्कं, की तेव्हा बोरखडी गावात हैबतराव देशमुखांचा शब्द चालायचा, शुक्रवारी बाजार भरायचा, आणि बाजारात देवळाच्या भिंतीला टेकून सोनाक्का कासारीण बांगड्यांचं दुकान मांडून बसायची.

दुकान कसलं, एक घोंगडं, दोन पेट्या आणि दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. पण तिच्या हाताला आसपास तोड नव्हती. हात हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड जरासं दाबायची, आणि बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. लोक तोंडं लक्षात ठेवतात, ही बाई हात लक्षात ठेवायची. डोळे मिटून हात धरला तरी सांगायची, ही अमक्याची लेक, तमक्या गावात दिलेली. असं म्हणतात, की एकदाही चुकली नाही.

धंद्यात तिचा एक नियम होता, सासूकडून आलेला. पुढं आलेला हात मोकळा माघारी लावायचा नाही. जवळ काही नसेल तर पुढच्या बाजारी दे म्हणायचं, पण हात भरूनच सोडायचा. ऐकायला किती गोड वाटतं बघा. पण त्यात एक मेख होती. जिचा नवरा गेला, तिनं हात पुढं करायचाच नाही. म्हणजे नियमही शाबूत आणि रीतही शाबूत. सोनाक्काला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू? ती काही जन्मतः साध्वी नव्हती, पोटापाण्याला लागलेली बाई होती.

वावगं वाटायचं ते बळवंता डफवाल्याला. हा गडी बाजारोबाजार फिरायचा आणि डफावर थाप मारून गाणी म्हणायचा. पाणवठ्यावरच्या शिवाशिवीवर म्हणायचा, वेठबिगारीवर म्हणायचा, नवऱ्यामागं बाईच्या बांगड्या दगडानं ठेचून हात मोकळे करतात त्यावर तर फारच पोटतिडकीनं म्हणायचा. आणि उभा कुठं राहायचा? नेमका सोनाक्काच्या दुकानासमोर, कारण भिंतीची सावली तिथंच पडायची.

"लेका, तुझ्या डफानं माझं गिऱ्हाईक पळतंय," सोनाक्का म्हणायची. "नव्या नवरीनं बांगडी भरायला बसावं आन तू म्हातारीच्या मोकळ्या हाताचं गाणं काढावं. कुठं फेडशील हे?"

"मग आक्का, एकदा त्या मोकळ्या हातात भरा की. मी गाणंच बंद करतो."

"मी भरली, तर उद्या दुसरी कोण माझ्याकडं हात देईल? तुला डफ पुरतो, मला दुकान चालवायचं हाय."

असं त्यांचं दर शुक्रवारी चालायचं. भांडण म्हणावं तर ती त्याला भाकरी द्यायची, आणि मैत्री म्हणावी तर तो भाकरी खाऊन पुन्हा तेच गाणं म्हणायचा.

आता देशमुखांच्या घराचं ऐका. त्या घरात कडक गोषा. बायकांचं तोंड परक्या पुरुषाला तर सोडाच, बाजारात बसणाऱ्या सोनाक्कालाही दिसू नये, इतकं मोठं त्यांचं खानदान. म्हणून बांगड्या भरायच्या तर सदरेवर आडवा पडदा लावायचे. अलीकडं सोनाक्का, पलीकडं घरच्या बायका, आणि पडद्याच्या चिरेतून एकेक हात बाहेर यायचा. तोंड नाही, नाव नाही, नुसता हात.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी सोनाक्का तशीच भरायला बसली होती. एकामागून एक हात आले आणि भरून आत गेले. सगळ्यांत शेवटी एक हात आला. गोरा आणि बारीक. मनगटाच्या हाडावर भाजल्याचा जुना डाग होता. सोनाक्कानं तो हात धरला. हा हात तिनं लग्नात भरला होता. देशमुखांच्या धाकट्या सुनेचा, मंजुळेचा. तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता, आणि तिच्या बांगड्या रीतीप्रमाणं फोडल्या होत्या.

काही जण म्हणतात, सोनाक्काला हात ओळखू आला नाही, चुकून भरला. मला नाही पटत. जी बाई जन्मात चुकली नाही ती नेमकी त्या दिवशी चुकते होय? तिनं ओळखला. हात माघारी सारला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण तो पुढं आलेला हात होता. आजवर नियम पाळायला सोपा होता, कारण असा हात कधी पुढं आलाच नव्हता. त्या दिवशी आला. सोनाक्कानं सगळ्यांत चांगली हिरवी माळ सोडली, हात गच्च भरला, आणि सवाशिणीला देतात तशी एक बांगडी वर दिली.

व्हायचं ते झालं. दुपारपर्यंत घरभर कळलं आणि संध्याकाळी गावभर. हैबतरावांनी सोनाक्काला सदरेवर उभी केली. गाव जमलं. पडद्यामागं मंजुळेला आणून बसवली.

"तुझ्या हातानं भरल्यास," हैबतराव म्हणाले, "आता तुझ्याच हातानं फोड."

सोनाक्का पडद्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "पोरी, उतरवू का गं?"

आतून एकच शब्द आला, "नको."

सोनाक्का माघारी वळली. "सरकार, माल एकदा हातात चढला की तो घेणारीचा. त्याच्यावर माझा हक्क ऱ्हात न्हाई. जिचा हाय ती नको म्हणती."

धंदेवाईक बाईचं धंदेवाईक उत्तर. हैबतरावांनी घरातल्या मोलकरणीला वरवंटा घ्यायला लावला. असं म्हणतात, की तिनं घाव घातला आणि वरवंट्याचे दोन तुकडे झाले. बांगडीला चरासुद्धा गेला नाही. तुम्ही म्हणाल, थापा. म्हणा खुशाल. तो फुटका वरवंटा मी पाहिलेला नाही, पण ज्यानं पाहिला त्याला पाहिलेला माणूस मला भेटलाय.

हैबतराव घाबरले, आणि घाबरलेला मोठा माणूस फार वाईट. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी सांगून टाकलं, मांडव उभा राहायच्या आत मंजुळेनं स्वतः बांगड्या उतरवल्या नाहीत, तर तिला लांबच्या मठात नेऊन सोडायचं. माहेर नाही आणि सासर नाही. सोनाक्काचं दुकान बाजारातून उठवलं, आणि तिच्याकडं कुणी हात द्यायचा नाही असं गावाला बजावलं. मनानं वाईट नव्हते ते. तरणाताठा मुलगा गेलेला बाप होता. पण दुःख झालं म्हणून माणसाला दुसऱ्याचा हात मोकळा करायचा हक्क मिळत नाही.

बळवंता धावत आला. त्याचा डफ नुसता तापला होता. "आक्का, आता बघा कसं गाणं करतो. मंजुळाबाईचं नाव गावोगाव घेतो."

"घे," सोनाक्का म्हणाली. "तू गाणं म्हणशील आन पुढच्या गावाला जाशील. ती पोर त्याच घरात ऱ्हाती. तिच्या नावाचा डफ वाजला, तर उद्याच तिला मठात नेतील."

बळवंताला ते झोंबलं. "तुम्ही दुकानदार माणसं अशीच. एक हात भरला आन गप घरात बसला. एका दुकानानं रीत मोडती व्हय?"

हे तिलाही झोंबलं, कारण तेही खरं होतं. मग तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "तिचं नाव नको. माझं घे. कासारांच्या पुढं जाऊन गा."

आता कासारमंडळींचंही सांगायला हवं, उगाच त्यांना देव करायला नको. सोनाक्काचं दुकान उठलं तेव्हा शेजारच्या गावचे कासार खूश झाले होते. आयतं गिऱ्हाईक कुणाला नको? पण बळवंता त्यांच्या दुकानांसमोर उभा राहून गायला लागला. बांगडी कुणी भरायची हे देशमुख ठरवणार, मग उद्या पाटील ठरवील, परवा सावकार ठरवील, मग कासारा, तुझी पेटी कुणाच्या बापाची? एका बाजारात गायला, दुसऱ्या बाजारात गायला. गिऱ्हाईक बायका ऐकायच्या आणि कासाराच्या तोंडाकडं बघत राहायच्या. बायका बघायला लागल्या की कासार किती दिवस तोंड चुकवील? शेवटी पंचक्रोशीतले कासार एका आंब्याखाली बसले आणि त्यांनी ठरवलं, की सोनाक्काची जागा तिला मिळेपर्यंत आणि त्या पोरीच्या बांगड्यांचा हट्ट देशमुख सोडेपर्यंत देशमुखांच्या दारात कुणी पेटी उघडायची नाही.

धर्मापेक्षा पोटासाठीच ठरवलं त्यांनी, हे मी कबूल करतो. म्हणून काय बिघडलं? पोटासाठी का होईना, सरळ उभे राहिले ना.

लग्न तोंडावर आलं. पाहुणे उतरले, चौकात गर्दी झाली, हळद वाटून तयार झाली आणि नवरीचे हात मोकळे. हिरव्या चुड्याशिवाय हळद लावायची कशी? हैबतरावांनी घोडी पिटाळली. पार घाटाखालपर्यंत स्वार गेले. पण असं म्हणतात, की घोड्याआधी डफ पोचला होता. जिथं जावं तिथला कासार हात जोडायचा आणि म्हणायचा, "आमची आक्का हाय की बोरखडीला. तिला बोलवा."

मग देशमुखीणबाई, ज्यांचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर आला नव्हता, त्या पडद्याआडून नवऱ्याला म्हणाल्या, "सुनेचा भरलेला हात तुम्हाला बघवत नाही, आणि लेकीचा मोकळा हात बघवतो?"

हैबतराव स्वतः सोनाक्काच्या दारात गेले. सगळं गाव बघत होतं. ते म्हणाले, "काय हवं ते माग. पण चल."

"माझी जागा मला द्या, आन त्या पोरीला मठाची भीती घालू नका," सोनाक्का म्हणाली. "आन एक. भरताना पडदा तुम्ही धरायचा. किती हात आले मोजायचं न्हाई. कुणाचा ते विचारायचं न्हाई. पलीकडचं संपलं असं आतून सांगतील, तेव्हा सोडायचा."

हैबतरावांना वाटलं, एवढंच ना. पडद्याचं टोक दोन्ही हातांनी उंच धरून ते चौकाकडं तोंड करून उभे राहिले. पायाशी पडद्याच्या अलीकडं सोनाक्का, आणि समोर नवऱ्याकडची सगळी पुरुषमंडळी बसलेली. नवरीचा हात आला आणि भरून गेला. करवल्यांचे आले. मग मंजुळेचा डागाचा हात आला. त्याला भरायचं काही नव्हतं. सोनाक्कानं तो नुसता हातात धरला, गालाला लावला आणि सोडला.

आणि मग हात यायचे थांबेनात. गावातल्या बायका मागच्या दारानं आत शिरल्या होत्या. कष्टानं रापलेले हात, गोंदलेले हात, कित्येक वर्षं काच न पाहिलेले हात. हैबतरावांना कळलं काय चाललंय ते. पण करतात काय? पडदा सोडावा तर घरच्या बायका भर चौकात पाहुण्यांपुढं उघड्या, आणि धरावा तर हात येतच होते. ज्या पडद्यात त्यांनी बायका ठेवल्या होत्या, त्याच पडद्याला ते आता स्वतः अडकले होते. दंड भरून आले, कपाळावर घाम आला, पण पडदा खाली येऊन चालणार नव्हता.

शेवटी एक म्हातारा हात आला. सुकलेला, बोटं आखडलेली, मनगटावर तुळशीचं गोंदण. ते गोंदण हैबतरावांनी लहानपणी मांडीवर पडून बोटानं गिरवलं होतं. त्यांची थोरली आत्या. पाळण्यातलं लग्न, आणि नवरा कसा असतो ते कळायच्या आत विधवा झालेली. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. तिच्या हातात बांगडी कशी दिसेल, हा विचार उभ्या जन्मात त्यांच्या मनात आला नव्हता, आणि त्याचीच त्यांना आता लाज वाटली.

"हाड आखडलंय," सोनाक्का पुटपुटली. "बांगडी चढायची न्हाई."

"चढव," हैबतराव पडद्यामागं वळून न बघता म्हणाले. "मी धरलाय पडदा."

असं म्हणतात, की तेव्हा सोनाक्काच्या हातात काच लोण्यासारखी मऊ झाली, त्या आखडलेल्या हाडावरून अलगद उतरली आणि मनगटावर जाऊन पुन्हा काच झाली. आत कुणीतरी रडलं, कुणीतरी हसलं. हैबतराव चौकातल्या पाहुण्यांसमोर उघड रडले, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

सोनाक्का पुढं म्हातारी होऊन गेली. बळवंताही गेला, कुठल्या तरी बाजाराच्या वाटेवर. तो शेवटपर्यंत सांगायचा की ही रीत त्यानं मोडली, आणि ती सांगायची की तिनं. दोघांचंही खरं होतं.

गोषा गेला, देशमुखी गेली, पण बोरखडीत लग्नाआधी पडदा अजून लागतो. कासार अलीकडं बसतो आणि नवरीच्या बापानं पडदा धरायचा. गावातल्या हव्या त्या बाईनं हात पुढं करावा, कोण आहे ते कुणी विचारत नाही. म्हणून तिथं पोरीचं लग्न ठरलं, की लोक बापाला देण्याघेण्याचं नंतर विचारतात. आधी त्याचा दंड चाचपून बघतात आणि म्हणतात, "झेपंल न्हवं?" जो बाप मध्येच हात खाली घेईल, त्याच्या मांडवात चुडा भरायचा नाही असं कासारांचं ठरलेलं आहे. आजवर एकाही बापानं घेतलेला नाही, असं म्हणतात.