न दुखणारं दुखणं

“...पण जे दुखतच नाही, ते कशाला तपासायचं, भंतेजी?”

नवदीक्षित श्रामणेर रत्नघोषच्या आवाजात धार होती. वैनगंगेकाठच्या त्या छोट्या विहारात ध्यानाला त्याच्याइतकं निश्चल कुणी बसत नसे, आणि ते त्याला ठाऊक होतं.

वृद्ध भंते उपसेन अंगण झाडत होते. ते झाडतच राहिले.

रत्नघोषला हिपॅटायटिस बी होता. विषाणू बहुधा जन्मापासूनच रक्तात असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सध्या तो दबून आहे, औषध नको. पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, पोटाची सोनोग्राफी करायची. सुरुवातीला तो गेला. रिपोर्ट चांगले आले. मग त्यानं जाणंच सोडून दिलं.

“मी रोज हे शरीर आतून पाहतो,” तो म्हणाला. “वेदना उठताना पाहतो, विरताना पाहतो.”

“यकृत पाहिलंस?”

“यकृत कधी जाणवलंच नाही.”

“ते बोलत नाही रे.”

“मागचा रिपोर्ट चांगला होता, भंतेजी.”

“काल तुझं ध्यान चांगलं लागलं होतं?”

“हो.”

“मग आज कशाला बसलास?”

रत्नघोषनं मान वर केली. “मी मरणाला भीत नाही.”

“मरणाला नाही. कागदाला भितोस.”

तो खाली बसला. त्याचा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला होता. पोटात पाणी भरेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता.

“दादाचा रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो...”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला, चपला पायात सरकवल्या आणि ते फाटकाकडे निघाले.

“आपण कुठे निघालात?”

“दवाखान्यात. एका छपराखाली राहतो आपण. माझंही रक्त पाहू दे त्यांना.”

रिपोर्ट आले तेव्हा दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसले. भंतेंच्या रक्तात काही नव्हतं. त्यांना लस टोचली गेली.

रत्नघोषचा कागद बाईंनी दोनदा वाचला.

“विषाणू वाढलेत. यकृताला सूज आहे. पण सोनोग्राफीत गाठ नाही, वेळेत आलात. गोळी सुरू करू. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायची नाही. आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत.”

“एकही चुकवणार नाही,” रत्नघोष म्हणाला. या वेळी आवाज चढला नव्हता. पुढची तारीख त्यानं स्वतःच मागून घेतली.

बाहेर आल्यावर मात्र तो पायरीवरच थांबला.

“न पाहता किती सुखात होतो मी, भंतेजी...”

भंते दोन पायऱ्या उतरले होते. ते वळले.

“आता पाहून सुखात राहा.”