कोंडाजीराजे आणि वाकडी चूल

“खोटं ते खोटं! त्यात लहान नाही, मोठं नाही, गोड नाही, कडू नाही. जो खोटं बोलेल, तो राज्याबाहेर!”

देवपठारच्या कोंडाजीराजांनी असा हुकूम काढला आणि राज्यात लोकांचं बोलणंच कमी झालं. सासूने “स्वयंपाक कसा झालाय?” असं विचारलं की जावई तोंडात मोठा घास भरून घेऊ लागले. वैद्यबुवा तर रोग्याच्या घरी जायलाच घाबरू लागले.

या हुकमात पहिला सापडला तो बिचारा शिदू कुंभार. त्याची म्हातारी आई बनाबाई अजूनही मातीच्या चुली घालायची. हात थरथरत, त्यामुळे चुली एका अंगाला कलत. बाजारात त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. शिदू त्या चुली भट्टीमागे लपवायचा आणि घरी येऊन सांगायचा, “आई, चुली हातोहात खपल्या!” म्हातारी खूश व्हायची, चवीने भाकरी खायची आणि सकाळी पुन्हा माती कालवायला बसायची. एका शिपायाने हे नेमकं ऐकलं आणि शिदूला धरून दरबारात आणलं.

“खोटं बोललास?” राजांनी विचारलं.

“व्हय महाराज.”

“मग उद्याच चालता हो!”

तेवढ्यात शिदूची बायको गोजरा पुढे आली. “महाराज, ह्यांना घालवलंत तर म्हातारी अंथरूण धरंल! कुणाचं भलं करणारं खोटंबी खोटंच धरायचं व्हय?”

“अर्थात! आज गोड खोट्याला माफी दिली, तर उद्या सगळे चोर साखर वाटत येतील!”

राजांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, पण गोजरा जागची हलली नाही. राजांना तिची गंमत वाटली.

“बरं, असं एक खोटं दाखव, की मी स्वतः म्हणेन, बरं झालं बोललं गेलं! नाही दाखवलंस तर नवऱ्यामागून तूही राज्याबाहेर!”

“दाखवते की! पर आधी सांगा महाराज, तुमचं नाव कोंडाजी कसं पडलं?”

राजे खुलले. ही गोष्ट त्यांच्या आवडीची होती. “माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली. म्हणून मी जन्मलो तेव्हा आईसाहेबांनी मला एका कुंभारणीच्या पदरात टाकलं आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. म्हणून मी कोंडाजी!”

“ती कुंभारीण म्हंजी माझी सासू, बनाबाई! आता आईसाहेब, तुमीच सांगा, पोर पदरात टाकताना काय म्हणालात?”

पडद्याआड बसलेल्या आईसाहेब चपापल्या. पण हुकूम त्यांनाही लागू होता!

“म्हणाले, ‘हे पोर माझं नाही गं बाई, तुझंच आहे!’ काळाला ऐकू जावं म्हणून चांगलं ओरडून म्हणाले.”

गोजराने राजांना हात जोडले. “आता करा निवाडा! आईसाहेब खरं बोलल्या असतील, तर तुमी कुंभारणीचं पोर. गादीवरून उतरा आन् आमच्यासंगं माती तुडवायला चला! खोटं बोलल्या असतील, तर त्यांचं गाठोडं बांधा. उद्या आमी तिघं मिळून राज्याबाहेर जाऊ!”

राजांचे चुलतभाऊ गादीकडे बघत हळूच मिशा सावरू लागले.

राजांनी चुलतभावांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटले. “बरं झालं! बरं झालं आईसाहेब तसं बोलल्या, नाहीतर आज हसायलाही उरलो नसतो!”

“म्हणालात बघा महाराज!”

“म्हणालो बाई, हरलो!”

शिदू सुटला. गोजराला जरीचं लुगडं मिळालं. भट्टीमागच्या सगळ्या चुली राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेल्या, आणि पातेली एका बाजूला घसरतात म्हणून आचारी रोज बोटं मोडू लागले.

पुढे एकदा कोंडाजीराजे मुद्दाम कुंभारवाड्यात गेले. बनाबाईने चिखलाचे हात पुसत विचारलं, “राजा, माझी चूल कशी बसली रं? वाकडी तर न्हाई ना?”

सगळे शिपाई राजांच्या तोंडाकडे बघू लागले.

“वाकडी? छे छे!” राजे छाती काढून म्हणाले. “आजी, आमचा राजवाडाच वाकडा आहे!”