म्होरक्याचा कान

'म्होरक्याचा जो कान हलेल, त्या बाजूची वाट धरायची. का, ते विचारायचं नाही.' एका जंगलातल्या हरणांच्या कळपात प्रत्येक पाडसाला नीट उभं राहता यायच्या आधीच हे शिकवलं जाई. मुलांनो, जे विचारू नका म्हणून सांगतात, ते सगळ्यात आधी विचारावं. पण त्या कळपात कोणी विचारलं नाही.

टेकडीवरून तळ्याकडे दोन वाटा उतरत. उजवी खडकाळ, खुरांना बोचणारी, पण उघडी. डावी मऊ, दोन्ही अंगांना उंच लव्हाळं. सगळा उन्हाळा म्होरक्याचा डावाच कान हलत होता, आणि त्या लव्हाळ्यातून कोणी ना कोणी परत येत नव्हतं. बिबट्याने तिथे मुक्कामच ठोकला होता. त्याला धावावंसुद्धा लागत नसे. म्हातारी हरणं म्हणत, "उजवीकडून गेलो असतो, तर सगळेच मेलो असतो!"

एकदा एक तरुण हरिणी म्होरक्याची मान चाटून साफ करत होती. त्याच्या डाव्या कानात तिला टपोरी गोचीड दिसली. ती चावली की कान हले.

"आजोबा, तुमच्या कानाला वाट नाही कळत, गोचीड चावते त्याला! थांबा, काढते."

"खबरदार!" म्होरक्या गंभीरपणे म्हणाला. "गोचिडीने का होईना, कान हललाच ना? आणि ती डाव्याच कानात का बसली? काहीतरी कारण असणारच."

"वा!" म्हाताऱ्या हरणांनी माना डोलावल्या. "काल दूध पीत होतीस पोरी, आज म्होरक्याला शिकवतेस? तुझ्या आईने कधी तोंड उघडलं नव्हतं."

"म्हणून तर ती लव्हाळ्यात राहिली," हरिणी म्हणाली.

संध्याकाळी डावा कान हलला. कळप निघाला. हरिणीचा धाकटा भाऊही तहानेने उड्या मारत निघाला.

"थांब रे, तिकडे नको!"

"ताई, सगळे चाललेत की!"

लव्हाळं हललं. एकच किंकाळी आली.

"पाहिलंस?" म्हातारी हरणं तिच्यावरच उलटली. "तू शंका काढलीस, त्याचं हे फळ." म्होरक्याने सुस्कारा सोडला. "कान बरोबरच होता. पाडसच मागे रेंगाळलं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कळप पुन्हा दोन वाटांपाशी आला. डावा कान हलला. हरिणी जागची हलली नाही.

"मी नाही येत," ती म्हणाली. "माझा भाऊ रेंगाळला नव्हता. तो सगळ्यांत पुढे होता. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एकाने तरी माझ्या डोळ्यांत बघून सांगा, तो मागे होता म्हणून."

म्होरक्याचा कान पुन्हा हलला. म्हातारी हरणं तिची नजर चुकवत डाव्या वाटेला लागली.

तात्पर्य : पुढारी आधी खाज सुटेल तिकडे वळतो आणि मग कारण शोधतो, ते कारण खरं ठरवायला लोक आपली पोरंसुद्धा देतात.