साहेबांच्या कॅबिनमधला माठ

नाशकातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दाभाडे साहेब होते. अक्कल बेताची, आवाज दांडगा. एक दिवस त्यांनी फर्मान काढलं, "प्रोग्रॅममध्ये मोकळं, बिनमालकाचं फंक्शन दिसता कामा नये! प्रत्येक काम प्रोग्रॅमच्या कुठल्या तरी एका भागाच्या मालकीचं करा, म्हणजे त्या भागाची मेथड."

त्यांच्या हाताखालच्या मृण्मयीनं तारीख मराठीत लिहून देणारं फंक्शन, म्हणजे कुठूनही वापरता येणारा कोडचा सुटा तुकडा, केलं होतं. बिलं, पगार, रजा, प्रोग्रॅमच्या सगळ्याच भागांना ते लागायचं.

"ते पगाराच्या पोटात घाल, नाहीतर दुसरी नोकरी बघ," साहेब गरजले.

मृण्मयी वाद घालत बसली नाही. व्हरांड्यातला पाण्याचा माठ तिनं उचलला आणि साहेबांच्या टेबलाशी नेऊन ठेवला. मे महिना. दुपारपर्यंत अख्खं ऑफिस पेले घेऊन साहेबांचं दार ठोठावत होतं.

"हा इथं कुणी आणला?" साहेब खेकसले.

"मी. मोकळा पडला होता, त्याला मालक दिला."

"अगं, लोकांच्या पाण्यात माझं काय काम?"

"मग बिलाच्या तारखेत पगाराचं काय काम, साहेब? सही तुमच्याशिवाय होत नाही, ती राहू द्या तुमच्याकडं. माठ कशाला?"

साहेबांनी घाम पुसला. मग उठून माठाला हात घातला.

"धर पलीकडून. आणि ते तुझं फंक्शनही राहू दे बाहेरच."