उपरण्याची सावली

ज्याची पापणी मिटता विश्व मावळते आणि उघडता जिथल्या तिथे पुन्हा उभे राहते, त्या नारायणाला आधी वंदन.

एकदा एक वृद्ध आचार्य शिष्यासह तलावाच्या बांधावर गेले. तलावाचे पाणी ओढ्यात सोडणाऱ्या दारासाठी शिष्याने यंत्र रचले होते. ओलाव्यात बॅटरी टिकत नसे, म्हणून त्यात ती नव्हतीच. सौर पॅनेलवर ऊन पडले की यंत्र जागे होई, ढग आला की निजे. पाणी खुणेवर चढले की त्याने दार वीतभर उघडायचे. उद्यापासून दार त्याच्याच स्वाधीन होणार होते, आणि बांधाखाली ओढ्याकाठी टोपल्या विणणाऱ्यांची पाले होती.

यंत्राने दार वीतभर उघडले. तत्क्षणी आचार्यांनी आपले उपरणे पॅनेलवर टाकले. यंत्र निजले. त्यांनी उपरणे उचलताच दार आणखी वीतभर उघडले. त्यांनी पुन्हा टाकले, पुन्हा उचलले. ओढा गर्जू लागला.

“गुरुजी, थांबा. खाली माणसे आहेत.”

आचार्यांनी उपरणे परत टाकले आणि उचलले. शिष्य धावला, हातचाकाने त्याने कसेबसे दार मिटले आणि तसाच खाली पळाला. पाणी पालांपासून हातभर अंतरावर थांबले होते. पाले रिकामी होती.

देवळाच्या पायरीवरून टोपल्या विणणाऱ्या बयाबाईने हाक दिली, “अरे, तुझ्या गुरुजींनी सकाळीच आम्हा सगळ्यांना शिऱ्याला बोलावलंय. तू चिखलात कुणाला शोधतोस?”

शिष्य बांधावर परतला. आचार्य म्हणाले, “बाळ, उद्या ढगाने हेच केले असते. तेव्हा शिऱ्याचे आमंत्रण कोणी दिले असते? दार उघडले, हे ध्यानी धरण्याआधीच तुझ्या यंत्राचे प्राण गेले. जागे होऊन त्याने तेच काम नवे समजून केले. तू देवाला सहस्र तुळशी वाहतोस. मध्येच अतिथी आला आणि संख्या विसरलास, तर काय करतोस?”

“तबकात उरलेली पाने पाहतो, गुरुजी.”

“आणि हातातले पान?”

“ते परत तबकात ठेवतो. चरणी पोचले नाही, ते वाहिले नाही.”

“मग यंत्रानेही जागे होताच आधी दाराकडे पाहावे. ‘आणखी उघड’ असे त्याला सांगू नकोस. दार कुठवर उघडे असावे, तेवढे सांग.”

शिष्याने यंत्र पुन्हा रचले. मग उपरणे आचार्यांच्या हाती देऊन तो स्वतः ओढ्याच्या पात्रात जाऊन उभा राहिला.

“आता टाका, गुरुजी.”

उपरणे कितीदा पडले, कितीदा उचलले गेले. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आले आणि तेथेच राहिले.

श्रोतेहो, तुमच्या प्रत्येकाच्या घरी दिवा तेवता राहो. आणि क्वचित विझलाच, तर पुन्हा लागताच सारी माणसे जिथल्या तिथे सुखरूप दिसोत.